आयनॅचरलिस्ट आणि खानदेशातले भुंगे

जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या वांग्याच्या फुलावर येऊन परागण करणाऱ्या कीटकांची नावे सांगू शकणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत. वांग्याच्या पुंकेसरांना टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि पराग त्यांतून मोकळे व्हायचे तर फुलाला धरून छातीचे स्नायू जोरात थरथरवणारी माशी लागते. आग्या, सातेरी किंवा फुलोरी मधमाशीला हे जमत नाही. काळ्या भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या अमेजिला माशीला जमते. या दोघांची ओळख पटवण्यासाठी मी आयनॅचरलिस्ट हे मोफत अ‍ॅप वापरतो, आणि हे परीक्षण त्या एका कामापुरतेच आहे.

अ‍ॅपची रीत सरळ आहे. फोटो टाकला की संगणकीय प्रणाली संभाव्य नावे सुचवते, आणि त्यानंतर जगभरातील जाणकार त्या नोंदीवर आपापले मत देतात. 2008 साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेला हा उपक्रम 2023 पासून स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालतो. जाहिरातींचा उपद्रव नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मोठी, केसाळ, पिवळ्या छातीची माशी दिसली की अनेक जण तिला बंबलबी म्हणून मोकळे होतात. जगात बंबलबीच्या, म्हणजे बॉम्बस या प्रजातीच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या), सुमारे 250 जाती आहेत आणि भारतातील त्यांचे घर प्रामुख्याने हिमालय व ईशान्येच्या थंड डोंगरांत आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या आपल्या तापी खोऱ्यात त्या नसतात. आपल्याकडे दिसतो तो झायलोकोपा, म्हणजे सुक्या लाकडात व बांबूत बीळ कोरून राहणारा भुंगा. त्याच्या मादीचे पोट वरून तुळतुळीत, चकचकीत असते, तर बंबलबीच्या पोटावर दाट लव असते. बंबलबीच्या मादीच्या मागच्या पायावर पराग साठवण्याची गुळगुळीत टोपली असते. भुंग्याच्या पायावर तिच्या जागी केसांचा झुपका असतो. एवढे दोन भेद डोळ्यांना सवयीचे झाले की अ‍ॅपने काहीही सुचवले तरी आपण फसत नाही.

प्रजातीच्या पातळीपर्यंत अ‍ॅपवर विसंबता येते, असे माझे मत आहे. जातीच्या पातळीवर मात्र त्याची पहिली सूचना डोळे मिटून स्वीकारू नये. झायलोकोपा प्यूबेसेन्स या जातीची मादी काळी व पिवळ्या छातीची असते आणि नर मात्र सगळा हिरवट पिवळ्या लवेचा असतो, त्यामुळे एकाच जातीची ही जोडी दोन वेगळ्या जातींची वाटू शकते. पूर्ण काळ्या माद्यांचे तर केवळ पाठीच्या फोटोवरून निश्चित नाव सांगणे बहुधा शक्यच नसते. म्हणून पाठ, बाजू आणि चेहरा असे तीन फोटो एकाच नोंदीत द्यावेत, आणि पंख व मागचे पाय स्पष्ट दिसतील असे पाहावे. बांधावरची रुई यासाठी उत्तम जागा आहे, कारण भुंगा तिच्या फुलांवर पुन्हा पुन्हा येतो आणि रुईच्या परागणाचा मोठा भार तोच वाहतो.

नोंदीला ‘संशोधन दर्जा’ मिळण्याच्या नियमावर माझा खरा आक्षेप आहे. फोटो, तारीख व ठिकाण असलेल्या नोंदीच्या जातीवर मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक जण सहमत झाले की तो दर्जा मिळतो, आणि त्यासाठी दोन माणसेही पुरतात. भुंग्यांचे जाणकार मोजके असताना एखाद्या मित्राने भिडेखातर दिलेली सहमती चुकीच्या नावाला दर्जा मिळवून देऊ शकते, आणि योग्य परवान्याखालील अशा नोंदी पुढे जीबीआयएफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक संग्रहातही जातात. खात्री नसेल तर केवळ ‘झायलोकोपा’ लिहून थांबण्याची सोय अ‍ॅपमध्ये आहे. तिचा वापर करणे हेच प्रामाणिक काम आहे.

यावलच्या अभयारण्यात किंवा तोरणमाळला रेंज नसेल तर फोटो काढून ठेवावेत आणि घरी आल्यावर चढवावेत. फोनमधील स्थान नोंदवण्याची सोय तेवढी चालू असली पाहिजे. शाळकरी मुलांना मात्र याच संस्थेचे ‘सीक’ हे अ‍ॅप द्यावे. त्यात खाते उघडावे लागत नाही, नेटवर्क नसतानाही ते ओळख सुचवते आणि खात्री नसल्यास कुळावर किंवा प्रजातीवर थांबते. मोठ्यांनी आयनॅचरलिस्टवर स्वतःच्या शेताची नोंद करताना ठिकाण ‘अस्पष्ट’ ठेवावे; मग इतरांना नेमके शेत दिसत नाही, सुमारे वीस किलोमीटर बाजूची चौकट तेवढी दिसते, आणि नोंदीचा उपयोगही कायम राहतो.