दुसऱ्याच्या मैदानात निळी जर्सी : बिग टेनच्या अवे गेम्सचा रिव्ह्यू

मिशिगन युनिव्हर्सिटीत शिकलो, नोकरीही याच राज्यात लागली, त्यामुळे सप्टेंबर ते नोव्हेंबरचे शनिवार कुणाचे, हा प्रश्न आमच्या घरात कधीच निकालात निघालाय: कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचे, म्हणजे मिशिगन ज्यात खेळतं त्या 'बिग टेन' या विद्यापीठांच्या गटाचे. अ‍ॅन आर्बरच्या 'बिग हाउस' या आमच्या स्टेडियममध्ये घरचा गेम बघण्याबद्दल मात्र लिहिण्यासारखं फार नाही. १,०७,६०१ माणसांची सोय, सगळे पिवळ्या-निळ्यात, आणि शेजारचा माणूस तेच ओरडतो जे आपण ओरडतो. मजा आहे ती गाडी काढून दुसऱ्याच्या गावात निळी जर्सी घालून जाण्यात. तिथे तिकीट, पार्किंग, खाणं, बसायला वीतभर बाक आणि वर टोमणे, सगळं डॉलर मोजून घ्यावं लागतं. म्हणून हा रिव्ह्यू गिऱ्हाइकाच्या नजरेतून. आम्ही जिंकलो की हरलो याचे मार्क नाहीत. (निदान तसा प्रयत्न आहे.)

माझी कसोटी एकच. पाहुणचार हवा, पण वैरात भेसळ नको.

पहिल्यांदाच अवे गेमला निघणार असाल तर मॅडिसन, विस्कॉन्सिन. साधारण चारशे मैल, त्यात शिकागोच्या आसपासचा तुकडा सोडला तर रस्ता बिनत्रासाचा, आणि वाटेत इंडियानात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं तो फायदा वेगळा. 'कॅम्प रँडल' हे नाव स्टेडियमच्याही आधीचं आहे. यादवी युद्धाच्या वेळी विस्कॉन्सिनचे सैनिक इथे कवायत करायचे. स्टेडियम भर वस्तीत, त्यामुळे गेमच्या दिवशी आजूबाजूचे लोक स्वतःच्या अंगणात गाड्या लावून घेतात. आम्हाला एक आजीबाई भेटल्या. लाल स्वेटर, कमरेला पैशाची पिशवी, आणि बागेतल्या गुलाबाला धक्का न लावता गाड्या अशा बसवत होत्या की दोन बंपरांमध्ये तळहात जाईल एवढीच फट. आमची जर्सी बघून म्हणाल्या, "निळ्यांना पण तेवढेच पैसे. पण तुम्ही शेवटपर्यंत थांबणार नाही, म्हणून तुमची गाडी बाहेरच्या बाजूला लावते." टोमणा आणि सोय एकाच वाक्यात. हिला म्हणतात सर्व्हिस.

शाकाहारी माणसाची अवे गेमला आबाळ होते, हे आधीच सांगतो. सगळीकडे सॉसेज आणि बर्गर. मॅडिसनला मात्र चीझ कर्ड्स, म्हणजे चीझचे छोटे गोळे आहेत. ताजं कर्ड दाताखाली चुई-चुई वाजतं, तळलेलं वाजत नाही पण त्याला वीतभर तार सुटते. दोन्ही घ्या. डबा आत नेता येईल या भ्रमात राहू नका. बहुतेक ठिकाणी फक्त पारदर्शक पिशवी चालते, बारा बाय सहा बाय बारा इंचांपर्यंतची, आणि बाहेरचं खाणं गेटवरच राहतं. पोळीचे रोल गाडीतच, टेलगेटच्या, म्हणजे गेमआधी पार्किंगमध्ये चालणाऱ्या खाण्यापिण्याच्या वेळी संपवायचे. शेंगदाण्याची चटणी लावलेले रोल मी पार्किंगमध्ये बऱ्याच शत्रूंना खिलवलेत. बदल्यात फोल्डिंगची खुर्ची बसायला मिळते.

चारपैकी तिसरा क्वार्टर संपला की कॅम्प रँडलमध्ये 'जंप अराउंड' हे गाणं वाजतं. १९९८ पासूनची प्रथा. सगळं स्टेडियम एकदम उड्या मारतं आणि पायाखालचं काँक्रीट खरोखर हलतं, हे व्हिडिओत कळत नाही. २०२१ला आम्ही तिथे ३८–१७ जिंकलो, २००१ नंतर पहिल्यांदा, आणि त्या दिवशी साइडलाइनवर आमची पोरंही नाचत होती. मीही नाचलो. गेम संपल्यावर त्यांचा बँड मैदानात येऊन 'फिफ्थ क्वार्टर' वाजवत बसतो. संघ एकवीस पॉइंटने हरला म्हणून एक सूर कमी नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क शिकागोच्या ट्रॅफिकचा, तो विस्कॉन्सिनने भरायचा हा अन्याय आहे, पण कुणीतरी भरायला हवा.

साउथ बेंडचं नोटर डेम बिग टेनमध्ये नाही, पण त्यांच्याशिवाय ही यादी करणं म्हणजे मूळ भांडण सोडून देणं. १८८७च्या नोव्हेंबरात मिशिगनची मुलं तिथे गेली, त्यांना खेळ शिकवला आणि शिकवता शिकवता ८–० हरवूनही आली. आता तेच आपल्याला परंपरा शिकवतात. स्टेडियमच्या उत्तरेला ग्रंथालयाच्या भिंतीवर ख्रिस्ताचं प्रचंड म्यूरल आहे, १९६४चं, दोन्ही हात वर, अगदी रेफरीने टचडाऊन, म्हणजे फुटबॉलमधला मोठा स्कोअर दिल्यासारखे. 'टचडाऊन जीझस' म्हणतात सगळे. योग्य बाजूचं तिकीट मिळालं तर तो अख्खा गेम तुमच्याकडे बघत असतो.

माझी अडचण तिथल्या माणसांशी आहे. फार चांगली आहेत. पार्किंगपासून सीटपर्यंत जो तो "वेलकम टू नोटर डेम" म्हणतो. अशर तर सोयरीक जुळवायला आलेल्या मंडळींसारखे, पाणी मिळालं का, जागा सापडली का. २०१८च्या पहिल्या गेमला आम्ही २४–१७ हरलो, आणि बाहेर पडताना लोक "सुखरूप जा, गाडी सांभाळून चालवा" म्हणत होते. अरे, थोडं तरी चिडवा! सात तासांत एकाही माणसाने वाकडं बोलू नये म्हणजे पैसे वसूल कसे व्हायचे? पाहुणचाराला पाच, वैराला दोन.

हॉटेलबद्दल एक सूचना. एका कॉलेजगावात, गावाचं नाव घेत नाही, मी वसंतातच खोली बुक केली होती. आमचे गेम जिंकत गेले, रँकिंग वर गेलं, आणि गेमच्या तीन आठवडे आधी मोटेलची ईमेल आली की सिस्टीममधल्या चुकीमुळे बुकिंग रद्द. संध्याकाळी तीच खोली त्याच साइटवर तिप्पट भावात उपलब्ध. फोनवरचा माणूस म्हणाला, "सर, तो वेगळा रूम टाइप आहे." दोन बेड, एक खिडकी, तोच फोटो, फोटोत तोच वाकडा दिवा. तेव्हापासून मी तासभर अलीकडच्या गावात राहतो आणि सकाळी निघतो.

आयोवा सिटीला जाताना हे छान जमतं, डॅव्हनपोर्टला मुक्काम करायचा. तिथून पुढे वॉलकॉटला आय-८०वर जगातला सर्वात मोठा ट्रकस्टॉप म्हणवून घेणारी जागा आहे; चहा वाईट, पण चकचकीत क्रोमचे भोंगे आणि आरसे बघत अर्धा तास जातो. स्टेडियमला नाइल किनिकचं नाव आहे. १९३९चा हाइझमन (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) विजेता, १९४३ला नौदलाच्या प्रशिक्षण-उड्डाणात चोविसाव्या वर्षी गेला. पाहुण्या संघाची लॉकर रूम गुलाबी रंगवलेली आहे, भिंतींपासून मुताऱ्यांपर्यंत. हेडन फ्राय या त्यांच्या जुन्या कोचची ती कल्पना, की गुलाबी रंगाने माणूस मवाळ होतो. २०१६ला मला ती पटली. शेवटच्या क्षणाला फील्ड गोल मारून त्यांनी आम्हाला १४–१३ हरवलं आणि परतीच्या वाटेवर इलिनॉय संपेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

२०२२ला परत गेलो ते 'वेव्ह' बघायला. स्टेडियमला लागूनच मुलांचं हॉस्पिटल २०१७ला उभं राहिलं, मैदानापेक्षा उंच. पहिला क्वार्टर संपला की खेळाडू, रेफरी, दोन्हीकडचे फॅन, जवळजवळ सत्तर हजार माणसं तिकडे वळतात आणि वरच्या काचांमागे उभ्या असलेल्या आजारी मुलांना हात करतात. माझ्या शेजारी काळ्या-सोनेरी टोपीतला एक आडदांड माणूस होता, पंधरा मिनिटं आमच्या क्वार्टरबॅकच्या नावाने शंख करत होता. तो वळला, हातातला पॉपकॉर्न पायाशी ठेवला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत राहिला. वरच्या एका खिडकीत कुणीतरी टॉर्चसारखं काहीतरी उघड-मीट करत होतं. मिनिटभराने त्याने पॉपकॉर्न उचलला आणि आमच्या क्वार्टरबॅकची उरलेली खानेसुमारी पूर्ण केली. आम्ही २७–१४ जिंकलो. रेटिंग पाच, आणि त्यावर चर्चा नाही.

ईस्ट लान्सिंग तासाभरावर, त्याला रोड ट्रिप कोण म्हणेल? भाऊबंदकी आहे ती. २००७ला तिथे जिंकल्यावर आमचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) माइक हार्ट मिशिगन स्टेटला धाकटा भाऊ म्हणाला आणि त्याचं व्याज आम्ही पुढची सलग चार वर्षं हरून भरलं. मिशिगन स्टेटच्या डेअरी स्टोअरमधलं आइस्क्रीम चांगलं. साडेतीन.

आइस्क्रीमवरून आठवलं, पेन स्टेटची क्रीमरी त्याहून सरस, फक्त एका कपात दोन फ्लेवर मागू नका, देत नाहीत. बीव्हर स्टेडियम डोंगरांमधल्या खोऱ्यात आहे, लाखाच्या वर माणसं, आणि आत-बाहेर करायला रस्ते गावाच्या मानाने. २०१७च्या 'व्हाइट आउट'ला होतो. रात्रीचा गेम, जिकडे बघावं तिकडे पांढरं, आणि सुरुवातीलाच त्यांचा सॅक्वॉन बार्कली ६९ यार्ड पळत गेला. तो आवाज कानांनी ऐकला असं म्हणता येत नाही, बरगड्यांना लागला. ४२–१३. पार्किंगच्या गवतातून हमरस्त्याला लागेपर्यंत मध्यरात्र उलटली. २०२३ला गेलो तेव्हा हवा वेगळी होती. आमचा कोच निलंबित, आणि आमच्या पोरांनी शेवटचे सलग ३२ प्ले बॉल हातात घेऊन नुसते पळून काढले. पास नाही, नखरा नाही. २४–१५. शेजारचा पेन स्टेटवाला शेवटी वैतागून म्हणाला, "बॉल फेका रे एकदा तरी, निदान बघायला काही मिळेल!" मैदानाला साडेचार, बाहेर पडायच्या व्यवस्थेला एक.

आता कोलंबस, म्हणजे ओहायो स्टेट. यूएस-२३ने दक्षिणेला निघायचं. टोलीडो येतं, ज्याच्यावरून १८३५ला दोन्हीकडचे मिलिशिया बंदुका घेऊन उभे राहिले होते. शहर ओहायोला गेलं, मिशिगनला बदल्यात उत्तरेचं अप्पर पेनिन्सुला मिळालं, आणि भांडण फुटबॉलला मिळालं. त्यांचे कोच वुडी हेज मिशिगनात पेट्रोल भरायचे नाहीत, गाडी ढकलत राज्याबाहेर नेईन म्हणायचे, अशी कथा दोन्हीकडे सांगतात. मी उलट दिशेने पथ्य पाळतो, टाकी अ‍ॅन आर्बरलाच फुल करतो. डेलावेअर गावाजवळ सिग्नलमागून सिग्नल लागतात, प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीतून कुणीतरी आमची नंबरप्लेट बघून काच खाली करतं. काय म्हणतात ते लिहीत नाही, मुलगी हे वाचते.

कॅम्पसवर त्या आठवड्यात पाट्यांवरच्या 'एम' अक्षरावर लाल टेपची फुली मारलेली असते. प्रत्येक पाटीवर. पार्किंगच्या, इमारतींच्या, कुठेही. आमचं नावही घेत नाहीत, 'ती वरच्या बाजूची टीम' म्हणतात. एवढी मेहनत आपल्यासाठी कोण घेतं हो? १९२२चं घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम, १,०२,७८० माणसं, आणि पाहुण्यांना कोपऱ्यातली उंच जागा. तिथूनच 'स्क्रिप्ट ओहायो' सर्वात नीट दिसतं. बँड एका रांगेत वळणं घेत मैदानावर 'ओहायो' हा शब्द लिहितो आणि शेवटी सूझाफोन हे मोठं पितळी वाद्य वाजवणारा एकटा पावलं उडवत जाऊन 'आय'वर टिंब देतो, मग टोपी काढून कमरेत वाकतो. डोळे मिटून घ्यायचे असं ठरवून गेलेला आमच्यातला प्रत्येकजण बघतोच.

२००६ला लॅबमधल्या मित्राने कुठूनतरी तिकिटं जुळवली होती. देशातला पहिला विरुद्ध दुसरा नंबर. आदल्या दिवशी, शुक्रवारी, आमचे जुने कोच बो शेम्बेकलर गेले. त्यांच्यासाठी स्टेडियमने शांतता पाळली, ओहायोच्याच स्टेडियमने, एक लाखावर माणसं. मागच्या रांगेतले लाल जॅकेटवाले गृहस्थ हळूच म्हणाले, "ओहायोचाच होता तो. वुडीच्या हाताखाली शिकला." मग किकऑफ झाला आणि तेच गृहस्थ साडेतीन तास माझ्या मानेवर ओरडत होते. ४२–३९, हरलो. २०२२ला मात्र दुसऱ्या हाफमध्ये आमचा डॉनोव्हन एडवर्ड्स एकदा ७५ आणि एकदा ८५ यार्ड पळाला, ४५–२३, आणि लाल बाक गेम संपायच्या आत रिकामे व्हायला लागले. मॅडिसनच्या आजीबाई तेव्हा आठवल्या.

२०२४ला आम्ही तिथे १३–१० जिंकलो तेव्हा शेवटी झेंडा रोवण्यावरून मैदानात हाणामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. ते मी घरी टीव्हीवर बघितलं. मुलांना पहिल्यांदा नेणार असाल तर कोलंबसला नेऊ नका, आणि नेलंत तर जर्सीवर जॅकेट घाला, सीटवर बसल्यावर काढा. 'बकाय' नावाची पीनट बटरची चॉकलेट-बुडवी गोळी मिळते, ती घ्यायला हरकत नाही. शत्रूची आहे पण शाकाहारी आहे. सम वर्षी गेम तिथे असतो, दुपारी बाराचा, त्यामुळे त्याच दिवशी जाऊन येता येतं आणि मोटेलवाल्यांचं तोंड बघावं लागत नाही. तिकिटं उन्हाळ्यातच बघून ठेवा; नोव्हेंबरात दोघांच्या तिकिटांचा आकडा बायकोला सांगण्यासारखा राहत नाही. पाचपैकी पाच. थंडीत अ‍ॅल्युमिनियमच्या बाकासाठी उशी घरून न्या.