पणजोबांच्या नावाचं दिल्ली दरबार पदक मला कसं विकलं गेलं

आमच्या घरात 'दिल्लीचं पदक' हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. पणजोबा मराठा पलटणीत होते. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीत पंचम जॉर्ज बादशहाचा दरबार भरला, त्याचं चांदीचं पदक त्यांना मिळालं होतं. बहात्तरच्या दुष्काळात आजीनं ते साताऱ्याच्या सराफाकडे वजनावर मोडलं. हे सांगताना ती दर वेळी पदर डोळ्याला लावायची. आजी गेल्यावर मी ठरवलं, तेच नाही तर तसलं एक पदक घरात आणायचं.

पुण्यात एका नाणी प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे मला असं पदक पहिल्यांदा हातात घेता आलं. एका बाजूला राजा आणि राणीचे मुकुटधारी चेहरे, भोवती फुलांची माळ. दुसऱ्या बाजूला फार्सी मजकूर. गडद निळी फीत, तिच्या मधोमध दोन बारीक लाल रेघा. किंमत नऊ हजार सांगितली. मी तिथेच हळवा झालो आणि आजीची गोष्ट त्याला सांगून बसलो. त्यानं ती फार आस्थेनं ऐकली. म्हणाला, "दादा, सराफ सगळंच वितळवत नाहीत. पणजोबांचा काही कागद असेल तर फोटो पाठवा, मी लक्ष ठेवतो." त्याच रात्री मी पेन्शनच्या कागदाचा फोटो त्याला पाठवला. त्यावर पणजोबांचं नाव होतं, हुद्दा होता आणि पलटण होती: पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. आवाज थरथरत होता. "दादा, बसलाय ना? नाव वाचून दाखवतो."

पदकाच्या कडेवर इंग्रजी अक्षरांत पणजोबांचं नाव होतं आणि पुढे पलटण, पाचवी मराठा. पेन्शनच्या कागदावर कारकुनानं आमच्या आडनावातलं एक अक्षर गाळलं होतं, पदकावरही नेमकं तेच अक्षर गाळलेलं. ती चूक पाहूनच माझी खात्री पटली. बनावट करणारा आडनाव नीट लिहील, असं मला वाटलं.

किंमत पासष्ट हजार. त्याचं म्हणणं असं की दरबारची पदकं सरकारनं नाव न घालता वाटली, पण मराठा पलटणींतल्या मोजक्या शिपायांची नावं घालून दिली गेली, ही 'नेम्ड व्हेरायटी' बाजारात जवळजवळ मिळतच नाही. यातला पहिला भाग खरा आहे, म्हणून दुसरा गळी उतरला. सोन्याची दोनशे आणि चांदीची पंचवीस हजारांवर पदकं निघाली, ती कोऱ्या कडेचीच. पुढे कुणी आपल्या खर्चानं सोनाराकडून नाव घालून घेतलं असेल तर तशी पदकं अधूनमधून दिसतात. पण तो मालकाचा हौसेचा उद्योग, सरकारी प्रकार नव्हे.

मी अगदी आंधळेपणानं पैसे दिले असं नाही. व्हर्नियर लावून पाहिलं, व्यास साडेअडतीस मिलिमीटरच्या आसपास भरला. गावातल्या सोनारानं चांदी तपासून दिली. चेहरे, फुलं, फार्सी अक्षरं, सगळं प्रदर्शनातल्या पदकासारखंच. ओतीव नकलेत दिसतात तसे बारीक खड्डे किंवा बोथट कडा कुठे नव्हत्या. सगळ्या चाचण्या पार पडल्या, कारण पदक अस्सलच होतं. खोटं होतं ते फक्त कडेवरचं नाव. ही गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती.

बिंग फुटलं ते चुलतभावाच्या घरी. पणजोबांचं पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक त्याच्याकडे आहे. पलटणीत नोकरी केलेले आमचे एक मामा तेव्हा तिथे होते. त्यांनी दोन्ही पदकं शेजारी ठेवली, कडा उजेडात फिरवल्या आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "अकरा साली पाचवी मराठा कुठून आली?"

युद्धपदकाच्या कडेवर पलटण होती ११४ मराठा. १९११ साली मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा क्रमांकांच्या होत्या. १९२२ च्या फेररचनेत त्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी राहिली. ११४ तिची दहावी, म्हणजे शिकाऊ शिपायांची, बटालियन झाली. पणजोबा त्यानंतर निवृत्त झाले, म्हणून पेन्शनच्या कागदावर नवं नाव आलं आणि घरात 'पाचवी मराठा' हेच तोंडी राहिलं. कोरणाऱ्यानं माझ्याच फोटोवरून नाव उतरवलं होतं. शिवाय युद्धपदकावर आमचं आडनाव पूर्ण होतं, एकही अक्षर गाळलेलं नाही. ज्या चुकीवर मी विश्वास ठेवला, ती मीच त्याला पाठवली होती.

नंतर भिंगातून पाहिलं तेव्हा बाकीचंही दिसलं. युद्धपदकावरची अक्षरं ठसे मारून उमटवलेली आहेत; सगळ्यांची उंची आणि खोली सारखी, घाव सरळ आत गेलेला. माझ्या पदकावर कोरणीच्या ओरखड्यांतून अक्षरं काढलेली, वळणावर हात घसरलेला. सगळं पदक शंभर वर्षांच्या झाकेनं काळपट, आणि अक्षरांच्या तळाशी मात्र चांदी पांढरी. वर काहीतरी काळं चोळलं होतं, ते ओल्या कापसाला लागलं. अक्षरांच्या कडेला धातूचे उचललेले कंगोरे नखाला बोचत होते. खरी जुनी कोरणी हाताळून हाताळून गुळगुळीत होते. मामांनी नोटा तपासायचा जांभळा दिवा फितीवर धरला, तर शिवलेला दोरा निळा-पांढरा चमकला. दोऱ्यात तशी चमक आणणारी रसायनं १९११ साली नव्हती. फितीचा एक धागा जाळला तर केस जळल्याचा वास आला नाही, त्याची कडक गोळी झाली. म्हणजे रेशीम नव्हे, पॉलिएस्टर. नुसती फीत नवी असती तर मी काही म्हटलं नसतं, जुन्या पदकांच्या फिती लोक बदलतातच. पण 'फीतही मूळची आहे' असं मला सांगितलं होतं.

विक्रेत्याला फोन केला. आधी त्यानं समजूत घातली. मग म्हणाला की पणजोबांनी नाव निवृत्तीनंतर घालून घेतलं असेल. हे अशक्य नाही, पण मग अक्षरांच्या तळाची चांदी इतकी ताजी कशी? यावर त्यानं फोन ठेवला. नंतर नंबर बंद.

पोलिसांत गेलो तेव्हा पावती पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं: 'जुने पदक, १ नग'. नाव नाही, पलटण नाही, 'मूळ' हा शब्द नाही. 'अस्सलतेचं प्रमाणपत्र' त्यानं स्वतःच सही करून दिलं होतं आणि तेही फक्त पदकाच्या चांदीबद्दल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार देता येते, मी दिली आहे. माझ्या हातात खरा पुरावा एकच: फोटो पाठवल्याचे, आणि नंतर नाव वाचून दाखवल्यावर त्यानं पाठवलेले संदेश, तारखांसकट. ते मी पुसले नाहीत हे नशीब. शंभर वर्षांवरच्या अशा वस्तू विकण्याचा धंदा करायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवाना लागतो, हेही मला तक्रार देताना कळलं. खरेदीच्या वेळी परवाना मागितला असता तर कदाचित तिथेच गोष्ट थांबली असती.

पैशाचं दुःख आहेच, नाही म्हणत नाही. पण एक चांगलं, कोऱ्या कडेचं पदक त्यानं कायमचं बिघडवलं. ते कुणाच्या तरी पणजोबांचं असणार. कड घासून नाव काढता येईल, पण मग चांदी जाईल आणि घासल्याची खूण राहील.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीतल्या ज्या घरांत पलटणीचे जुने कागद आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पदक शोधून देतो म्हणणाऱ्याला पेन्शनचा कागद, हुद्दा, नंबर यांतलं काहीही आधी देऊ नका. त्याच्याकडे खरंच पदक असेल तर कडेवर काय लिहिलंय ते आधी त्यानं सांगावं आणि कडेचा पूर्ण फोटो पाठवावा. कागदाशी ताळा तुम्ही घरी बसून करा. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या गावातल्या एका निवृत्त हवालदारांना असाच फोन आला. त्यांच्या आजोबांचं पदक सापडलंय म्हणे, फक्त कागदाचा फोटो हवा. त्यांनी फोटो पाठवला नाही. दुसऱ्यांदा फोन आला नाही.