क्लोज्ड-बॅक हेडफोन: मॉडेलच्या आधी इअरपॅड बघा

रेक्झिनच्या इअरपॅडचे काळे पापुद्रे गायकाच्या कानामागे चिकटायला लागले की घरच्या स्टुडिओतल्या क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपांच्या, हेडफोनची खरी परीक्षा सुरू होते. दमट हवेत हे कधी ना कधी होणारच. या रेक्झिनचा वरचा थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतली ओल, घाम, त्वचेचं तेल त्याला हळूहळू फोडत जातात. मुंबईत, कोकणात तर कपाटात नुसता पडून राहिलेला हेडफोनही सुटत नाही. त्यात डोक्याला खोबरेल लावून रेकॉर्डिंगला येणारी मंडळी! यावर सर्व्हिस सेंटरचं उत्तर काय, तर "पॅड सुटे मिळत नाहीत, नवाच घ्या." ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा भाग) ठणठणीत, केबल शाबूत, आणि फोमच्या दोन कड्यांसाठी सबंध हेडफोन मोडीत काढायचा.

म्हणून हे परीक्षण आवाजापेक्षा पॅडबद्दलच जास्त आहे. वापरातले तीन: सोनी एमडीआर-७५०६, बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो (८० ओम) आणि ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत.

ओमचं, म्हणजे हेडफोनच्या विद्युत विरोधाचं, प्रकरण आधी उरकतो. डीटी ७७० ची संवेदनशीलता १ मिलिवॉटला ९६ डेसिबल. तेवढ्या पातळीला ८० ओमच्या मॉडेलला सुमारे ०.२८ व्होल्ट लागतात, २५० ओमच्या मॉडेलला ०.५. फरक ५ डेसिबलचा. यूएसबीवर चालणाऱ्या साध्या इंटरफेसला (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीला) ८० ओम झेपतो, २५० ला नॉब बराच वर न्यावा लागतो. यापलीकडे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न गळतीचा. पॅड कानाभोवती घट्ट टेकला नाही की बास निसटतो आणि क्लिक, म्हणजे ताल धरायला गायकाच्या कानात वाजणारी टिकटिक, माइकमध्ये शिरते. बास गेला की गायक म्हणतो "ट्रॅक वाढवा", ट्रॅक वाढवला की गळती आणखी वाढते. यासाठी चष्म्याच्या काडीएवढी फट पुरते. पुढे मिक्समध्ये (सगळे आवाज एकत्र जुळवताना) आवाजाचे चढउतार कमी करणाऱ्या कॉम्प्रेसरवर १० डेसिबल मेकअप गेन दिला, म्हणजे एकूण आवाज तेवढा उचलला, की दोन ओळींमधल्या शांततेतली टिकटिकही तेवढीच वर येते. भरल्या वाद्यमेळात ती झाकली जाते. आलापात मागे नुसता तानपुरा असतो, तिथे लपायला जागा नाही.

गळती तपासायला पाच मिनिटं लागतात. पंखा बंद. गायकाने हेडफोन घालून माइकपासून नेहमीच्या वीतभर अंतरावर उभं राहायचं, गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) गाण्याच्या वेळचाच. एक मिनिट क्लिक वाजवून गप्प रेकॉर्ड करा, मग एक मिनिट क्लिकशिवाय. दोन्ही क्लिप २० डेसिबलने वाढवून ऐका. पहिलीत ताल मोजता आला तर पॅड गळतोय. चष्मा काढून पुन्हा करा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं, मग गाण्याचा कागद मोठ्या अक्षरात छापून घ्यायचा. क्लिकचा तीक्ष्ण 'बीप'ही बदलावा. उंच, टोकदार आवाज मिक्समध्ये चटकन ओळखू येतो, त्याऐवजी बोथट, मधल्या पट्टीतला ठोका लावावा. आणि एक कान उघडा ठेवून गाण्याची सवय असेल तर ट्रॅक पूर्ण एका बाजूला पॅन करा, म्हणजे झाकलेल्या कानाच्या कपातच वाजवा. मोकळा कप तसाच वाजत राहिला तर कुठलाही पॅड कामाचा नाही.

मखमली पॅडबद्दल मत बदललं आहे. डीटी ७७० चे पॅड मे महिन्यातही घालता येतात, त्यांचे पापुद्रेही निघत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला तोच पहिला नंबर होता. आता गाणाऱ्यासाठी तो दुसरा. कापडातून हवा जाते, आणि आतला फोम बसला की कड सैल पडते. माइकसमोर रेक्झिनचे ताजे पॅड, तासन् तास एडिटिंगला मखमल, अशी वाटणी ठरली आहे. डीटी ७७० च्या वरच्या पट्टीत ८-९ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे. त्यावर 'स' आणि 'श' टोचतात म्हणून डी-एसर (असे सीत्कार दाबणारं साधन) जोरात लावला तर स्पीकरवर गायिका बोबडी वाटते. एम५०एक्सचा बास फुगीर, त्यावर डग्ग्याचं लेव्हल ठरवू नये. तोंडातली चटचट, श्वास, कापाकापीच्या जागा शोधायला ७५०६ सर्वांत निर्दय.

७५०६ आणि ८० ओमच्या डीटी ७७० ची केबल पक्की जोडलेली, तुटली तर डागकाम. एम५०एक्सची निघते, पण आत २.५ मिमीची फिरवून अडकणारी पिन आहे. दुकानातली साधी ऑक्स केबल चालत नाही.

पॅड बदलणं घरी जमतं. जुना पॅड बोटांनी एका कडेने सोलत काढा. ड्रायव्हरवरची पातळ जाळी किंवा फोमची चकती जुन्या पॅडसोबत कचऱ्यात जाऊ देऊ नका. नव्या पॅडची मागची झालर खालच्या बाजूने खाचेत अडकवा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने ढकलत गोल फिरा. स्क्रूड्रायव्हर नको, निसटला तर डायफ्रामलाच (ड्रायव्हरच्या कंप पावणाऱ्या पातळ पडद्यालाच) भोक. पर्यायी पॅड घेताना जाडी मूळ पॅडएवढीच हवी, कारण कान ड्रायव्हरपासून लांब गेला की आवाजाचा तोल बदलतो. पुसायला ओलसर सुती फडकं, सॅनिटायझर अजिबात नाही. आणि स्वस्त मिळतात म्हणून चार जोड्या भरून ठेवू नका, रेक्झिन पाकिटात पडल्या पडल्याही खराब होतं.