पुण्याहून सोलापूरपर्यंत ताजी बिअर : जग आणि कॅन, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

टॉवेलच्या सुताच्या व्यवहारासाठी मला महिन्यातून दोनदा पुण्याला जावे लागते. परतताना तिथल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीतून, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरीतून, नळावरची ताजी बिअर घरी आणायची, हा क्रम गेल्या गणेशोत्सवानंतर सुरू झाला आणि तो आजवर चालू आहे. पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून अशी बिअर जागेवर बसून पिण्याची सोय होती. ती भरून घरी नेण्याची मुभा मात्र महाराष्ट्रात २०२० च्या टाळेबंदीच्या काळात मिळाली. कोथरूडच्या माणसाला त्या मुभेचा उपयोग अर्ध्या तासात होतो. सोलापूरकराला हडपसर, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ असे अडीचशे किलोमीटर कापून, वाटेत एक चहा धरला तर पाच तासांनी, तो करता येतो. त्यामुळे काउंटरवर बिअर कशी लागते याला माझ्या लेखी फारसे महत्त्व उरलेले नाही. सोलापुरात सात रस्ता चौकाला पोहोचेपर्यंत तिचे काय झालेले असते, एवढेच मी पाहतो.

या नऊ महिन्यांत मी तीन भांडी वापरली. पहिले, तपकिरी काचेचा दोन लिटरचा जग, ज्याला तारेच्या खटक्याचे चिनी मातीचे बूच आणि रबरी वॉशर आहे. दुसरे, दुहेरी भिंतीचा स्टीलचा जग. तिसरे, ब्रुअरीतच आपल्यासमोर भरून, यंत्रावर झाकण बसवून दिला जाणारा, लिटरला थोडा कमी भरणारा ॲल्युमिनियमचा कॅन. जगाला ग्राउलर आणि अशा कॅनला क्राउलर म्हणतात. आजच्या रूपातला काचेचा ग्राउलर अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये ऑटो ब्रदर्स या छोट्या ब्रुअरीने १९८९ मध्ये आणला आणि क्राउलर कोलोरॅडोच्या ऑस्कर ब्लूजने बॉल या कॅन बनवणाऱ्या कंपनीच्या साह्याने २०१४ मध्ये. पुण्यातही कॅन भरण्याचे यंत्र सगळीकडे नाही. मला ते एकाच ठिकाणी मिळाले, आणि तेही कधी चालू असते, कधी नसते.

भांड्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, भरणाऱ्या हाताला महत्त्व आहे, हे कळायला मला दोन महिने लागले. बिअरचा शत्रू हवेतला प्राणवायू. तो मिसळला की काही दिवसांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि ती एकदा आली की जात नाही. म्हणून जग भरताना नळाला लांब नळी लावून ती तळापर्यंत सोडायची, आधी आत कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर काढायची, बिअर तळातून वर चढू द्यायची आणि फेस तोंडापर्यंत आल्यावर त्या फेसावरच बूच बसवायचे, अशी पद्धत आहे. प्रत्यक्षात शनिवारच्या संध्याकाळी गर्दी असली की काउंटरवरचा मुलगा जग तिरका धरून नळाखाली लावतो, फेस ओतून देतो, पुन्हा भरतो आणि तोंडाशी दोन बोटे हवा ठेवून बूच दाबतो. ती दोन बोटे हवा सोलापूरपर्यंत आपल्या सोबत प्रवास करते. कॅनच्या बाबतीत यंत्रामुळे ही हयगय कमी होते. कॅन गॅसने धुतला जातो, नळीने भरला जातो, फेसावर झाकण ठेवले जाते आणि यंत्र झाकणाची कड डब्याच्या कडेवर दोनदा दुमडून घट्ट करते. आंब्याच्या रसाचे डबे सील होतात त्याच जातीची ही घडी असते. तरीही कारखान्यात भरलेल्या कॅनची सर त्याला येत नाही, कारण इथे थोडी हवा आत राहतेच. महिनोन्‌महिने ठेवण्यासाठी हा कॅन नाही.

आता रस्त्याविषयी. बिअरमधला वायू थंडीत विरघळून राहतो आणि उष्णतेत बाहेर पडू पाहतो. ४ अंशांवर बंद भांड्यात जो दाब असतो, तो २५ अंशांवर दुपटीहून अधिक होतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत काय होत असेल ते सांगायला नको. माझा काचेचा जग फेब्रुवारीच्या अखेरीस मोहोळच्या अलीकडे गळला. बूच निसटले नव्हते, फक्त जुना झालेला वॉशर एका बाजूने दबला होता. पण अर्धा लिटर गव्हाची बिअर डिकीतल्या नमुन्याच्या टॉवेलांनी शोषून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी ते नमुने व्यापाऱ्यापुढे मांडताना मला काय काय खुलासे करावे लागले, ते इथे लिहीत नाही. दोष माझाच होता. वॉशर दर चार-सहा महिन्यांनी बदलायचा असतो, हे मला तोवर माहीत नव्हते.

त्यानंतर मी बर्फाचा डबा घेतला आणि साधा थर्मामीटर घेऊन नोंदी ठेवल्या. भरताना तिन्ही भांड्यांत बिअर ३ ते ४ अंशांवर होती. बर्फाच्या डब्यात ठेवलेले कॅन सोलापूरला ४ अंशांवरच पोहोचले, कारण ते बुटके असतात आणि बर्फ त्यांना चहूबाजूंनी भिडतो. काचेचा जग त्या डब्यात उभा मावतच नाही. आडवा ठेवायचा तर बुचाचा भरवसा नाही. म्हणून तो ओल्या टॉवेलात गुंडाळून डिकीच्या कोपऱ्यात दाबून ठेवावा लागतो आणि घरी येईतो तो १३ अंशांवर गेलेला असतो. स्टीलचा जग बर्फाशिवाय ७ अंशांवर आला, ही त्याची मोठीच जमेची बाजू.

प्रकाशाबद्दल एकदाच लिहितो. एकदा पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत लागर जातीची बिअर मिळाली आणि ती मी मागच्या सीटवर ठेवून आणली. इंदापूरपर्यंत ऊन त्याच बाजूने होते. बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले म्हणजे हॉप्स; प्रकाश त्यांच्यातल्या कडू घटकांवर क्रिया करून गंधकयुक्त दुर्गंधी द्रव्य तयार करतो. त्या रात्री पहिल्याच पेल्याला सगळ्यांनी नाके मुरडली. तपकिरी काच हा धोका बराच कमी करते, आणि कॅन व स्टीलमध्ये तो उरतच नाही.

घरी आल्यानंतरचा हिशेब वेगळा आहे. चार मित्र जमणार असतील, कडक भाकरी आणि शेंगाचटणी मांडलेली असेल, तर दोन लिटरचा जग त्याच रात्री संपतो आणि त्यात एक मजा आहे. बैठकीच्या मध्यभागी ठेवलेल्या जगासारखा दिमाख कॅनला नाही. पण मित्र आले नाहीत आणि मी एकट्याने दोन पेले ओतले, तर उरलेल्या बिअरवरची रिकामी जागा हवेने भरते, आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत गॅस उडालेला असतो. न उघडलेला जग मी चौथ्या दिवसापर्यंत ठेवून पाहिला आहे. तिसऱ्या दिवशी ठीक होता, चौथ्या दिवशी फेस मरगळला होता. कॅन मी फ्रिजमध्ये अठरा दिवस ठेवला, आणि लागरमध्ये मला फरक जाणवला नाही. हॉप्सचा सुगंध हेच जिचे वैभव, त्या आयपीए जातीच्या बिअरमध्ये मात्र दहाव्या दिवशीच सुगंध उतरल्याचे कळले. कॅनचा तोटा असा, की तो फोडला की एका बैठकीत संपवावाच लागतो, आणि लिटरभर बिअर ही एकट्या माणसासाठी थोडी जास्तच आहे.

पाण्याचा मुद्दा पुण्यातला माणूस लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. ते काही दिवसांआड येते आणि टाकीत, पिंपात साठवून पुरवावे लागते. काचेचा जग रिकामा झाल्याबरोबर धुतला नाही, तर गव्हाच्या बिअरमधले यीस्ट तळाला चिकटते. मग धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात भिजवणे, लांब दांड्याच्या ब्रशने घासणे आणि सोड्याचा मागमूस राहू नये म्हणून चार-पाच वेळा खळबळणे आले. भांडी घासण्याचा सुवासिक साबण चालत नाही, कारण त्याचा अंश राहिला की फेस टिकत नाही. एकदा मी तांब्याने मोजले, तर एका जगाला सात लिटर पाणी लागले. म्हणजे दोन लिटर बिअरसाठी सात लिटर पाणी, आणि तेही पाणी यायला तीन दिवस बाकी असताना. पत्नीने यावर जे मत दिले, ते मला पूर्णपणे मान्य आहे. स्टीलचा जग याबाबतीत आणखी अवघड, कारण आत काय चिकटले आहे ते दिसतच नाही. त्याच्या झाकणाच्या आट्यांत आंबूस वास बसला आणि तो मी तीनदा उकळत्या पाण्याने धुऊनही गेला नाही. कॅन दाबून भंगारवाल्याला देता येतो, आणि तो ॲल्युमिनियम आनंदाने घेतो.

कॅनही निर्दोष नाही. आणलेल्या बावीस कॅनपैकी दोन बिघडले. एकाची दुमडलेली कड एका जागी उंच राहिली होती आणि घरी येईतो तो चिकट झाला होता. दुसरा मी घाईने फ्रीजरमध्ये ठेवून विसरलो, तो फुगून फाटला. आता पैसे देण्यापूर्वी मी कडेवरून बोट फिरवतो आणि कॅन क्षणभर उलटा धरून पाहतो. यंत्रावरच्या मुलाला प्रथम ते आवडले नाही, आता तोच फिरवून दाखवतो. प्रत्येक वेळी डब्याचे वेगळे पैसे पडतात, हे खरे, जगाचे एकदाच. पण टॉवेलांचे नमुने, वॉशर आणि ओतून दिलेली शिळी बिअर धरली, तर जग मला स्वस्त पडला असे म्हणवत नाही.

सध्या मी लागर आणि गव्हाची बिअर कॅनमध्ये आणतो, दर खेपेला तीन, आणि भरल्याची तारीख मार्करने बुडावर लिहून घेतो. स्टीलचा जग मुलगा सहलीला सरबतासाठी नेतो. काचेचा जग फक्त तेव्हाच निघतो, जेव्हा त्याच रात्री चौघे येणार असल्याचे पुण्यातून निघण्यापूर्वी फोनवर पक्के झालेले असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी येणार असते. हे दोन्ही योग जानेवारीपासून दोनदाच जुळून आले आहेत.