बंद जिन-मिलचा जुना माल: वखारीत काय घ्यावं, काय सोडावं

विदर्भात कापसाच्या बाजारपेठेची जी जी जुनी गावं आहेत, तिथे आता जुन्या मालाच्या वखारी दिसतात. बायपासला लागून मोकळं आवार, त्यात सागाच्या मयाली (छपराच्या जाड तुळया), गंजलेले गर्डर, कवेलूंच्या थप्प्या, जाळ्यांसकट काढलेल्या खिडक्या. बरीच गिऱ्हाईकं खेड्यांतली. कुणाला घरकुलाच्या चौकटी हव्या असतात, कुणाला गुरांच्या कोठ्यावर टाकायला गर्डर, कुणाला सपरीसाठी कवेलू. यातला जो माल बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगमधून (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने, म्हणजेच जिन) आणि कापड मिलांमधून निघतो, त्याच्याबद्दल हे लिहीत आहोत. एकंदर मत आधीच सांगतो: मालाला पाचपैकी चार, मापाला दोन. लाकूड आणि गर्डर डोळे उघडे ठेवून जरूर घ्या, कवेलू निवडून घ्या, विटांचा हिशेब करा. सिमेंटचे जुने पत्रे आणि बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब तिथेच राहू द्या.

हा माल आत्ताच एवढा का निघतो, ते कळलं तर भाव करायला सोपं जातं. जुनी जिन रेल्वे स्टेशनजवळ असायची, कारण गाठी रेल्वेने मुंबईला जायच्या. १८७० साली खामगावला फाटा आला तो कापसासाठीच. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तर इंग्लंडच्या बाजारात चालायचं. त्या काळच्या जिनचा हॉल दुमजली असे: वर सागाच्या फळ्यांवर मशिनी, खाली सगळ्या मशिनी फिरवणारा लांब दांडा, म्हणजे लाइन शाफ्ट, आणि पट्टे. २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झालं. माणसाच्या हाताने टोपलीतून कापूस भरण्याऐवजी यांत्रिक भरणी, पक्के फरसबंद आवार, मोठे ट्रक फिरतील एवढी जागा, हे सगळं लागायला लागलं. गावातल्या चिंचोळ्या आवारात ते बसेना. नव्या जिन हायवेवर गेल्या आणि जुन्या आवाराला एकच किंमत उरली, जमिनीची. मिलांचंही तेच. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली होती. आज त्या जागेवर मॉल आहे. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. मुंबईत गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ साली निदान नियम तरी झाला, एक वाटा मोकळ्या जागेला, एक घरांना. तो पुढे पातळ केला गेला ही गोष्ट वेगळी. पण तो मुंबईपुरताच होता. आपल्या तालुक्याच्या गावात जिनचं आवार अकृषक होऊन त्याचे प्लॉट पडतात आणि पाडणाऱ्या ठेकेदाराला जागा मोकळी करून द्यायची घाई असते.

या घाईचा थेट परिणाम वखारीतल्या मालावर दिसतो. हाताने उकललेल्या छपराची मयाल अख्खी निघते, बोल्ट काढलेला असतो, टोकं शाबूत असतात. जेसीबीने ओढलेली मयाल मधोमध पिळली जाते आणि आत लांबट चीर पडते. ती वरून दिसत नाही, करवतीखाली गेली की उघडते. म्हणून पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. छप्पर हाताने उतरवलं की मशीनने, ते विचारा. मग मयालीच्या एका टोकाला कान लावा आणि दुसऱ्या टोकाला कुणाला तरी लहान हातोडीने ठोकायला सांगा. ठोका स्वच्छ, टणक ऐकू आला तर लाकूड सलग आहे. भद्द आवाज आला तर आत चीर किंवा पोकळी आहे.

लाकूड ओळखायचं तर कडेला चाकूने बोटभर खरवडा. सागाचा रंग सोनेरी-तपकिरी, वास तेलकट आणि चामड्यासारखा. ऐन जास्त काळपट आणि वजनदार, बिबला लालसर. तिन्ही लाकडं चांगली, पण तिघांचा भाव एक नसतो आणि ढिगात सगळी ‘साग’ म्हणूनच विकली जातात. वजनाचाही अंदाज घेता येतो: वाळलेला साग घनफुटाला साधारण १८ किलो भरतो, ऐन त्याहून बराच जास्त. उधईने सागाचा गाभा सहसा सोडलेला असतो, कडेचा पांढरा भाग मात्र खाल्लेला असतो. मयालीची भिंतीत गेलेली टोकं बघा. तिथे ओल धरते, त्यामुळे दोन्हीकडचं फूटभर लाकूड कुजकं असणार असं धरूनच चाला. सुईसारखी बारीक भोकं आणि खाली ताजं पीठ दिसलं तर घुण जिवंत आहे, तो नग घेऊ नका.

दोन गोष्टी खास जिनच्या मालातच सापडतात. एक म्हणजे जळकं लाकूड. सुटी रुई म्हणजे आगीला आमंत्रण, आणि जुन्या जिनमध्ये आगी लागायच्या. होरपळलेल्या मयालीवर जळकं ऑइल फासलं की ती नुसती जुनी, काळी वाटते. नखाने खरवडल्यावर कोळसा सुटला तर खोली मोजा. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर खालचं लाकूड ठणठणीत असतं, तेवढं उतरवून वापरता येतं. मापातून मात्र तेवढं वजा करून घ्या. दुसरी गोष्ट वरच्या मजल्याच्या फळ्या. वर्षानुवर्षं मशीनचं तेल पिऊन त्या काळ्याभोर झालेल्या असतात. त्यांच्यावर पॉलिश धरत नाही, उन्हाळ्यात तेल वर येतं, आणि त्या पेटही लवकर घेतात. एक फळी दोन-तीन मिलिमीटर रंधून बघा. आतून पिवळी निघाली तर ठीक. नाही निघाली तर चुलीजवळ, घरात कुठेच नको.

आता माप. पैसे खरे जातात ते इथे. घनफूट काढायचं सूत्र सोपं आहे: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्ही गुणून १४४ ने भागा. १४ फुटी, ८ बाय ६ ची मयाल ४.६७ घनफूट भरते आणि वखारवाला तेवढ्याचेच पैसे लावतो. पण दोन्ही टोकांचं एकेक फूट कापलं, चारही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच उतरवून स्वच्छ केलं, की हातात राहते १२ फुटी, ७ बाय ५. म्हणजे २.९२ घनफूट. लाकडाचा खरा भाव बोललेल्या भावाच्या १.६ पट झाला. नव्या सागाशी तुलना करायची ती या भावाने, तोंडी भावाने नाही. ‘टोकं सोडून माप’ ही अट आधी घाला. बरेच जण मानतात. अशा एका मयालीतून ४ बाय ३ च्या जाडीची, ७ बाय ३॥ फुटी दाराची एक चौकट निघते, वर पट्ट्या उरतात. ग्रामीण घरकुलाला जे अनुदान मिळतं त्यात दारं-खिडक्यांना शेवटी काहीच उरत नाही. अशा घराला गाभ्याच्या सागाची चौकट या भावात मिळणं ही खरंच मोठी गोष्ट आहे, आणि या वखारींचं सगळ्यात मोठं काम आम्ही तेच मानतो.

चिराईचा खर्च वेगळा धरा. जुन्या लाकडात मोडलेले खिळे आणि बोल्टांचे तुकडे असतात, आणि आरा मशीनवाला पट्टा तुटायच्या भीतीने एक तर नाही म्हणतो नाही तर जास्त पैसे सांगतो. आदल्या दिवशी पूर्ण मयालीवरून जाडसर चुंबक फिरवा, लागेल तिथे खडूने खूण करा, सुताराकडून खिळे उपटून घ्या आणि मगच आरा मशीनवर न्या. लाइन शाफ्टच्या कड्यांसाठी पाडलेली मोठी भोकं असतील तर चिराईचा आराखडा त्यांच्याभोवती आखा. चौकटीच्या बिजागरीच्या जागी भोक आलं की चौकट वाया जाते.

गर्डरच्या बाबतीत किलोचा भाव चालतो, आणि तो त्या दिवशीच्या भंगार भावापेक्षा थोडासाच वर असावा, कारण वखारवाल्याला दुसरं गिऱ्हाईक भट्टीच आहे. जालन्याच्या भट्ट्यांकडे जाणारा ट्रक भरला की हा माल वितळतो. जुन्या गर्डरवर पोटाला उठावाची अक्षरं असतात, डॉर्मन लाँग किंवा टिस्को अशी कंपनीची नावं. अक्षरं ठसठशीत वाचता येत असतील तर गंजाने फारसं खाल्लेलं नाही. त्याहून पक्की कसोटी वजनाची. जुना इंग्रजी ६ बाय ३ चा गर्डर फुटाला १२ पौंड, म्हणजे जवळपास ५.४ किलो भरायचा. १४ फुटांचे ७६ किलो व्हायला हवेत. धरमकाट्यावर घालण्याआधी चुना आणि गंजाचे पापुद्रे खरवडून काढा, नाहीतर तुम्ही चुन्याचे पैसे लोखंडाच्या भावाने द्याल. स्वच्छ केल्यावर फुटाला ४.९ च्या खाली आला तर दहावा हिस्सा गंजून गेला आहे. तो कोठ्याच्या छपराला चालेल, माळ्याच्या वजनाला नको. भिंतीत गेलेलं टोक इथेही आधी तपासा.

जोडकामात चूक होते ती अशी. गावातला वेल्डर नव्या लोखंडासारखं धरून दोन तुकडे जोडतो. शंभर वर्षांपूर्वीच्या लोखंडात गंधक आणि फॉस्फरस जास्त असू शकतं. वेल्ड थंड होताना शेजारून चिरतो आणि रंगाखाली ते दिसतही नाही. लागेल त्या लांबीचा अख्खा नगच घ्या, जोड लागलाच तर पट्टी आणि बोल्टने करा. भोक पाडायचं ते उभ्या पोटाच्या मध्यावर. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला, विशेषतः गाळ्याच्या मध्यावर, पाडू नका. आणि काळ्या मातीत घर असेल तर गर्डरचं टोक नुसत्या विटेवर टेकवू नका. खाली काँक्रीटचा ठोकळा द्या. पावसाळ्यात काळी फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि टोकाखालची वीट पहिल्यांदा फुटते.

बिडाचे खांब दिसायला देखणे, त्यामुळे ढाब्यांना आणि लॉनवाल्यांना विकले जातात. करवती छपराच्या मिलांमध्ये हेच पोकळ खांब पुष्कळदा पन्हाळीचं पाणी खाली उतरवायचं काम करत. बाहेरून रंग, आतून गंज. बीड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं. वजन पेलायला घेऊ नका.

कवेलूंचं गणित: एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण १५०, वर दहा टक्के तुटीचे. मागच्या बाजूचा छाप बघा आणि सगळे एकाच छापाचे घ्या. ‘बासेल मिशन १८६५’ चा कवेलू दुसऱ्या कारखान्याच्या कवेलूत नीट बसत नाही. खाच अर्धा सूत जरी हुकली तरी पाणी मागे चढतं. एकेक नग टिचकी मारून घ्या, खणखणीत वाजला पाहिजे. कवेलू ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पाट्या आधी ठोकू नका. कवेलू दारात आल्यावर दहा-बारा जमिनीवर जुळवा, प्रत्यक्ष अंतर मोजा (१२ ते १३ इंचांच्या मध्ये येतं) आणि मग पाट्या मारा. उतार १० फुटांना ५ फुटांपेक्षा कमी नको. आणि गावात वानरांचा कळप फिरत असेल तर खर्च करण्याआधी विचार करा. कवेलू सोडून लोक टिनाकडे वळले, त्यात वानरांचा वाटा मोठा आहे.

विटा चुन्यातल्या असतील तरच घ्या. चुना हातोडीच्या एका फटक्याने सुटतो, सिमेंटमधल्या विटा सोलताना अर्ध्या फुटतात. चिमणीच्या विटा ओळखा: एका बाजूने निमुळत्या, एका अंगाला काजळी. त्यांच्यात धुराचा गंधक मुरलेला असतो, भिंतीला खार फुटतो आणि प्लास्टर पोपडे धरतं. बॉयलरच्या पिवळट भट्टीविटा चुलीला उत्तम. सिमेंटचे जुने पत्रे फुकट दिले तरी नको. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, आणि कापताना, भोक पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते ती कायमची.

कागदाबाबत या वखारी फार ढिल्या आहेत. सागवानाच्या वाहतुकीवर वन कायद्याचं नियंत्रण आहे आणि नाक्यावर ट्रॅक्टर अडवला की ‘जुना माल आहे’ एवढं सांगून भागत नाही. पक्कं बिल, त्यावर नग आणि माप, आणि माल कुठल्या इमारतीतून निघाला त्याचा लेखी दाखला, हे हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. वाहतूक पास लागतो का, ते निघण्याआधीच आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

खरं तर यातला सगळाच माल वखारीत यायला नको होता. ज्या जिन हॉलचं छप्पर शाबूत आहे, तो पाडून प्लॉट पाडण्यापेक्षा तिथे भाजीबाजार, धान्याचं गोदाम किंवा अभ्यासिका बसवणं नगरपरिषदेला स्वस्त पडेल. वीस-पंचवीस फुटांचा मोकळा गाळा आणि उंच छत आज नव्याने बांधायला किती लागतात ते कुठल्याही ठेकेदाराला विचारा. पाडायचंच असेल तर निविदेत ‘छप्पर हाताने उतरवावे’ एवढी एक ओळ घातली तरी कितीतरी मयाली अख्ख्या निघतील, आणि गावात जे जुने फिटर आणि सुतार उरलेत त्यांना काही आठवडे काम मिळेल.

खरेदीला होळीनंतर जा. लाकूड वाळलेलं असतं, ओल लपवता येत नाही. घरी आणल्यावर मयाली जमिनीला टेकू देऊ नका. विटांवर, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. चिराई झाल्यावर उधईचं औषध दोन हात लावा, आणि चौकटीचा जो भाग भिंतीत जाणार आहे त्याला डांबर.