साध्या खडीत जिवंत झाडं: दीड वर्ष वापरून झाल्यावर

माशांच्या टाकीत खरी झाडं लावायची ठरवलं की तळाला काय घालायचं इथेच माणूस अडतो. मीही अडले होते. पोषक माती घ्यावी, वाळू घ्यावी, की सरळ साधी खडी? दोघातिघांनी ठामपणे सांगितलं, नुसत्या खडीत झाडं जगत नाहीत. तरी मी खडीच घेतली. नैसर्गिक रंगाची, गोलसर कडांची, २ ते ४ मिलिमीटर दाण्याची नदीची खडी. तिच्याखाली मातीचा थर नाही, झाडांसाठी पाण्यात सोडायच्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही. टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३६ उंच. वर एक एलईडी दिवा, कडेला अडकवलेला छोटा फिल्टर, बस. आज दीड वर्षानंतर व्हॅलिसनेरिया या लांब पट्टीसारख्या पानांच्या झाडाने मागची काच पार झाकून टाकली आहे. म्हणून या खडीबद्दल जरा सविस्तर लिहितेय.

५ किलोच्या ३ पिशव्या लागल्या. पुढे ४ आणि मागे ७ सेंटिमीटर असा उतार दिला, कारण मोठ्या मुळांची झाडं मागे जाणार होती. पिशवीवर ‘धुतलेली’ असं छापलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका. अर्धी अर्धी पिशवी बादलीत घेऊन हाताने चोळली, तर पहिलं पाणी मातकट चहासारखं निघालं. सातव्या-आठव्या पाण्याला बादलीचा तळ दिसला.

धुण्याआधी मी एक काम केलं, ते प्रत्येकाने करावं. वाटीत मूठभर कोरडी खडी घेतली आणि वर पांढरं व्हिनेगर ओतलं. करडे, तपकिरी दाणे शांत राहिले. चार-पाच पांढऱ्या तुकड्यांवर मात्र बारीक बुडबुडे फसफसत वर यायला लागले. ते शिंपल्यांचे तुकडे होते. त्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं, ते पाण्यात हळूहळू विरघळतं आणि पाणी जड होत जातं. एवढ्याशा तुकड्यांनी आभाळ कोसळलं नसतं, पण मी आणि मुलीने खडी ताटात पसरून मिळाले तेवढे तुकडे निवडून काढले. निम्म्याहून जास्त दाणे फसफसले असते तर पिशवी परत केली असती. याआधी एकदा निळी रंगवलेली खडी आणून हात पोळले आहेत. ६ महिन्यांत तिच्या रंगाचे पापुद्रे सुटायला लागले आणि सगळी टाकी रिकामी करावी लागली. तेव्हापासून रंगवलेलं काही पाण्यात घालायचं नाही हे पक्कं आहे.

दाण्याचा आकार हा या खडीचा मोठा गुण. याहून मोठे गोटे घेतले तर फटी मोठ्या राहतात, झाडाला पकड मिळत नाही आणि माशांचं उरलेलं खाणं खोल जाऊन कुजतं. फार बारीक वाळूचा जाड थर दाबून बसतो, आत प्राणवायू पोचत नाही, आणि मग कधीतरी ती सडक्या अंड्यासारखी वास मारते. या खडीत पाणी हलकेच झिरपत राहतं, मुळं दाण्यादाण्यातून वाट काढतात, आणि माशांची घाण थोडी आत उतरते, जी पुढे झाडांच्याच कामी येते.

पण खडी झाडाला स्वतःहून काहीच देत नाही. ती दगड आहे. पोषक मातीचे दाणे अन्नद्रव्यं धरून ठेवतात आणि मुळांना देतात, तसं या दगडाला जमत नाही. खडीचं काम फक्त आधार द्यायचं, खाऊ घालायचं काम आपलं. जे लोक म्हणतात खडीत झाडं मरतात, त्यांची झाडं माझ्या मते बहुतेक वेळा उपाशी मेलेली असतात.

त्यामुळे कुठलं झाड कुठून खातं हे आधी कळायला हवं. अनुबियास आणि जावा फर्न यांना खडी लागतच नाही. त्यांचं आडवं जाड खोड खडीत पुरलं तर ते कुजतं, म्हणून मी ती लाकडाला दोऱ्याने बांधली. हॉर्नवर्टला तर मुळंच नसतात. हायग्रोफिला, रोटाला, ल्युडविजिया यांसारखी उभ्या काडीची झाडं पाण्यातूनच बरंचसं खातात, त्यांना आठवड्यातून एकदा द्रवखत पुरतं. खरी परीक्षा मुळांवर जगणाऱ्या झाडांची: क्रिप्टोकोरीन, व्हॅलिसनेरिया, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड. त्यांच्यासाठी खडीत खताच्या गोळ्या खोचाव्या लागतात. मी साधारण १२ सेंटिमीटरवर एक अशी गोळी ठेवते, दर अडीच-तीन महिन्यांनी.

पहिल्यांदा गोळी खोचताना चुकले. बोटाने जेमतेम २ सेंटिमीटर आत ढकलली. रात्रीत गोगलगाईंनी की माशांनी खडी उकरली, गोळी वर आली, फुटली, आणि सकाळी पाणी पिवळट धुरकट. अर्धं पाणी लगेच बदललं, मासे वाचले, पण पुढचे दोन आठवडे काचेवर हिरवा थर खरवडत बसले होते. आता लांब चिमट्यात गोळी धरून थेट तळाच्या काचेला टेकवते, चिमटा सैल करते, आणि तसाच सरळ वर ओढते. दाणे आपोआप भोकावर बसतात. इथेही २ ते ४ मिलिमीटरच्या दाण्याचा फायदा कळतो.

क्रिप्टोकोरीनबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तिथे मी जवळजवळ हार मानली होती. हे झाड अळूच्या कुळातलं. मी लावलेली वेंडटाय जात मूळची श्रीलंकेची, हळूहळू वाढणारी. लावल्यावर बाराव्या दिवशी पानं काचेसारखी पारदर्शक व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी हात लावला तर पान बोटांवर शेवाळासारखं विरघळलं. तीन दिवसांत पाचही झाडांचे नुसते खुंट उरले. मला वाटलं, झालं, लोक म्हणत होते तेच खरं. फेकण्यासाठी एका खुंटाला धरून ओढलं, तर तो हलेना. खडी जरा बाजूला करून पाहिलं: खाली दोरीसारखी पांढरीशुभ्र मुळं, प्रत्येक मुळाला दाणे घट्ट चिकटलेले. वरचं सगळं गेलेलं आणि खालचं जिवंत. क्रिप्टोकोरीन पाणी किंवा जागा बदलली की असंच करते, पानं टाकून देते आणि मुळांच्या जोरावर पुन्हा उभी राहते, हे तेव्हा मला नीट माहीत नव्हतं. खडी परत सारखी केली, कुजलेली पानं काढली आणि पाचव्या आठवड्यात मधल्या खुंटातून कागदाच्या सुरळीसारखं एक तपकिरी पान वर आलं. करंगळीच्या नखाएवढं असेल. आता तीच पाच झाडं हाताच्या वितीएवढी पसरली आहेत आणि आजूबाजूला नवीन पिलं काढताहेत. तुमची क्रिप्टोकोरीन वितळली तर कृपया उपटू नका, तिला महिना द्या.

अ‍ॅमेझॉन स्वोर्ड मात्र जरा जास्तच खादाड निघालं. चौथ्या महिन्यात त्याची नवी पानं फिकट यायला लागली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. जुनी पानं ठीक आणि नवी पिवळी असली की बहुतेक लोह कमी पडतंय असं समजावं. त्याच्या बुंध्याभोवती एकाऐवजी तीन गोळ्या खोचल्या. पिवळी पानं काही हिरवी झाली नाहीत, ती होत नाहीतच, पण तीन आठवड्यांनी आलेलं पान गडद होतं.

पहिले ३ महिने सगळ्यात कठीण गेले. नवी खडी म्हणजे नुसता स्वच्छ दगड, तिच्यावर ना जिवाणू, ना तिच्यात गाळ. पुढे माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दाण्यादाण्यावर वसले, गाळ खाली बसला आणि सहाव्या महिन्यापासून वाढीचा वेग मला डोळ्यांनी दिसायला लागला. म्हणून झाडांच्या भागात मी सायफनची नळी खोल खुपसत नाही, वरची घाण तेवढी ओढून घेते. पुढच्या मोकळ्या पट्ट्यात मात्र नीट साफ करते. खडीत फिरणाऱ्या ट्रम्पेट गोगलगाई आत आत शिरून ती हलती ठेवतात, त्यांना मी हुसकावत नाही.

पोषक माती वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तिच्यात सुरुवातीची वाढ जोरदार होते. पण अशा बऱ्याच मातींतून पहिल्या आठवड्यांत अमोनिया सुटतो, दाणे काळाने भुगा होतात आणि त्यातलं अन्न संपलं की तिथेही गोळ्या खोचाव्याच लागतात. खडीचा दाणा दीड वर्षाने जसाच्या तसा आहे. आणि हात घालून झाड हलवलं तरी पाण्याचा चिखल होत नाही.

आता उणं सांगते. उभ्या काड्या पहिल्या आठवड्यात उपटून वर तरंगतात, याचा मला खूप त्रास झाला. खालच्या दोन पेरांवरची पानं काढून, काडी तिरकी ५ सेंटिमीटर खोचली तेव्हा कुठे त्या टिकल्या. जमिनीवर गालिचासारखी पसरणारी नाजूक झाडं मात्र या खडीत आणि सिलिंडरशिवाय माझ्याकडे झाली नाहीत. मी दोनदा लावली, दोन्ही वेळा महिन्याभरात पिवळी पडून गेली. तसा गालिचा हवा असेल तर ही खडी घेऊ नका. कॉरिडोरास पाळणार असाल तरी नको. तो मासा तळाशी तोंड खुपसून खाणं शोधतो, त्याला मऊ वाळूच बरी. मोठं झालेलं स्वोर्ड हलवायचं तर विचार करून हलवा, त्याची मुळं अर्ध्या टाकीत पसरलेली असतात आणि ओढलं की सगळा साठलेला गाळ वर येतो. दिव्याचंही एक आहे. मी सुरुवातीला तो १० तास ठेवायचे, धाग्यांसारखं शेवाळ आलं, ७ तासांवर आणला आणि ते आटोक्यात आलं.

व्हॅलिसनेरिया या खडीवर सगळ्यात खूश आहे. तिचं धावतं खोड दाण्यांच्या जरा खालून जातं आणि मध्येच कुठेतरी नवं रोप वर काढतं. एका संध्याकाळी मुलगी टाकीसमोर बसली होती, एकदम ओरडली, “आई, हे बघ, मूळ चालतंय!” पुढच्या काचेला लागून, दोन दाण्यांच्या फटीत, धाग्यासारखं एक पांढरं मूळ दिसत होतं. तिने काचेवर पेनाने खूण केली. दुसऱ्या दिवशी ते टोक खुणेच्या खाली उतरलेलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी आणखी. मागच्या काचेपासून निघालेलं खोड सगळी टाकी ओलांडून पुढे आलं होतं.

गेल्या आठवड्यात व्हॅलिसनेरियाची ११ रोपं काढली आणि ३० सेंटिमीटरच्या छोट्या टाकीत लावली. खडी हीच, नवी, आठ पाण्यांनी धुतलेली. तिच्यात जुन्या टाकीतली दोन मुठी खडी न धुता मिसळली, जिवाणू आधीच पोचावेत म्हणून. या वेळी एकच पिशवी पुरली.