अकूस्टिक बासची दबलेली डी तार : आठ महिन्यांचा अनुभव

एप्रिल २०२५ मध्ये बासच्या चारही तारा बदलल्या आणि डी तार गायब झाली. म्हणजे तार जागेवर होती, सुरातही होती. पण अँपमधून ई, ए, जी दणदणीत यायच्या आणि डी शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी वाजवत असल्यासारखी.

वाद्य कोणतं ते आधी सांगतो, कारण पुण्यात 'बास' म्हटलं की समोरच्याला 'बास झालं आता' एवढंच आठवतं. गिटारसारखी पोकळ पेटी, चार जाड तारा, सॅडलखाली (सॅडल म्हणजे खाचेत बसणारा, तारा ज्यावर टेकतात तो आडवा तुकडा) तारांचा आवाज विजेत बदलून अँपला देणारा पिएझो पिकअप आणि ९ व्होल्टची बॅटरी. पाच वर्षं माझ्याकडे आहे. नव्या तारा डॅडारिओच्या फॉस्फर ब्राँझ, जाडी ०.०४५ ते ०.१०० इंच. तारांबद्दल तक्रार नाही, हे आताच लिहून ठेवतो, कारण पहिले पंधरा दिवस मी त्यांनाच दोष देत होतो.

बॅटरी बदलली, केबल बदलली, अँपचे सगळे कान पिळून झाले. मग वाद्य पेठेतल्या एका दुकानात नेलं. तिथे सॅडल न काढताच निकाल लागला : पिकअप गेला, नवीन टाका, मजुरीसकट सहा हजार. वाद्य घेऊन परत आलो आणि कोथरूडला मामांकडे गेलो. मामांचा बासशी काडीचा संबंध नाही, पण घरात मिरजेचे दोन तंबोरे आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळ्या तारा एकदम उतरवल्यास ना? मग घोडी हललीय. तारेला कशाला शिव्या देतोस?"

तंबोऱ्याच्या तारा घोडीवर टेकतात, बासवर तेच काम सॅडलचं. घोडीवर सुताचा धागा केसभर सरकला तरी जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, बदलते, हे त्यांना रोजचं आहे. मला मात्र आठवलं की शेवटची तार सैल करताना सॅडल टुणकन उडून पलंगाखाली गेलं होतं, आणि मी ते फुंकर मारून परत खाचेत बसवलं होतं.

त्या रात्री दोन गोष्टी करून पाहिल्या. केबल काढून नुसतं वाजवलं, तर चारही तारा सारख्या. म्हणजे तारा आणि पेटी ठीक. मग केबल लावून, आवाज कमी ठेवून, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने सॅडलवर प्रत्येक तारेजवळ हलकं टकटक केलं. ई, ए, जीपाशी 'टक्', डीपाशी 'ठुस'. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, कुणालाही सहा हजार देण्याआधी करावं.

पिएझो म्हणजे दाबावर वीज देणारा पदार्थ. गॅसच्या खटक्याच्या लायटरमध्ये असतो तोच प्रकार. सॅडलखाली त्याची चपटी पट्टी असते आणि तारांचा दाब सॅडलमधून तिच्यावर पडतो. सॅडलचा तळ जिथे पट्टीला नीट टेकत नाही, तिथली तार गप्प होते. माझं सॅडल पाच वर्षं एका जागी दबून पट्टीशी जमवून बसलं होतं. मी ते जमलेलं मोडलं.

इथे मी आळशीपणा केला. डीखाली व्हिजिटिंग कार्डाची बारीक पट्टी सरकवली. डी एकदम खणखणीत! तीन आठवडे खूश होतो. मग लक्षात आलं की ए हळूहळू दबतेय, कारण डीपाशी सॅडल उचललं गेलं की शेजारी ते अधांतरी राहतं. त्यात त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, कार्डाने ओल धरली आणि डीही पुन्हा मऊ. कागदाचा जुगाड पुण्याच्या पावसात टिकत नाही.

मग बोहरी आळीतून २२० आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर (घासायचा खरखरीत कागद) आणला. जुन्या फोटोफ्रेमची काच टेबलावर ठेवून तिच्यावर पेपर चिकटवला. सॅडलच्या तळाला पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या आणि चौकोनी ठोकळ्याला टेकवून, उभं ठेवून घासायला लागलो. दहा हातांत दोन्ही टोकांच्या रेघा गेल्या, मधल्या, नेमक्या डीच्या खालच्या, तशाच. तळ मधे खोलगट होता. सगळ्या रेघा जाईपर्यंत घासला, साधारण ०.३ मिलिमीटर गेलं असेल. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) तार त्याच्या निम्म्याने खाली येते. माझी तिथे फ्रेटच्या ३ मिलिमीटर वर होती, त्यामुळे फरक जाणवलाही नाही. तुमची आधीच खाली असेल तर जपून.

खाचेत वाळलेल्या गोंदाचा मोहरीएवढा कण सापडला. टूथब्रशने साफ केलं. पट्टीची वायर ईच्या बाजूच्या भोकातून पोटात जाते, तिथे पट्टीला बाक आला होता. तो बोटाने दाबून सपाट केला. पट्टी ओढायची मात्र नाही. सॅडल बोटाच्या दाबाने आत जायला हवं, ठोकावं लागू नये आणि डुगडुगूही नये. तारा चढवताना चारही अर्ध्या ताणावर आणल्या, अंगठ्याने सॅडल दाबलं, मग सुरात लावल्या.

हे जूनच्या मध्यावर केलं. २७ ऑगस्टला गणपती बसले, सोसायटीच्या मांडवात दोन संध्याकाळी वाजवलं. आमचा साउंडवाला दर वेळी बासवरून कुरकुरतो. या वेळी त्याने बासकडे पाहिलंही नाही. सप्टेंबरच्या दमट हवेतही चारही तारा जागच्या जागी राहिल्या.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा तारा बदलल्या. एक उतरवायची, तिची नवी चढवायची, मग दुसरी. वेळ दुप्पट लागला, सॅडल जागचं हललं नाही, पेन्सिलीचा 'टक्' चारही ठिकाणी सारखा. जी अजून किंचित पुढे येते. तिच्यासाठी पुन्हा सॅडल काढणार नाही. तिथे बोट जरा हलकं टाकतो.